दप्तरदाखल मृत्यू

गुन्हेकथेविषयी मराठी समीक्षकाच्या मनात एक जुनी अढी आहे, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणवत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा उशाखाली दडवून वाचणाऱ्या पिढीनेच पुढे वाङ्मयचर्चेत त्यांचे नाव घेण्याचे टाळले, यात जितका दांभिकपणा होता तितकाच एक रास्त आक्षेपही होता. तो असा, की ही कथा वाचकाशी फार सोयीचा करार करते. खून पडतो, वस्ती हादरते, एक चाणाक्ष पुरुष अवतरतो, धागे जुळवतो, अपराध्याचे नाव उच्चारतो आणि वाचक निर्धास्त मनाने दिवा मालवतो. या करारामागचे गृहीतकृत्य असे, की खून पडण्यापूर्वी त्या वस्तीत सारे यथास्थित चालले होते, अन्याय हा कोणा एका दुष्टाने समाजावर केलेला आगंतुक हल्ला होता, आणि त्या दुष्टाच्या हाती बेड्या पडल्या की समाजाचा हिशेब चुकता झाला. समाजाकडे पाहण्याची ही दृष्टी ज्या कलाप्रकाराच्या मुळाशी आहे, त्याच्याकडून समाजचिंतनाची अपेक्षा करणे म्हणजे पंचांगाकडून इतिहासाची अपेक्षा करण्यासारखे आहे, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे प्रथमदर्शनी अवघड जाते.

दूरचित्रवाणीने हा करार छापील कथेकडून वारसाहक्काने घेतला आणि त्यावर सरकारी मोहोर उमटवली. 1951 साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'ड्रॅगनेट' या मालिकेस लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याचे सक्रिय सहकार्य होते आणि तिच्या संहिता खात्याच्या नजरेखालून जात. त्यामुळे नि:स्पृह, मितभाषी, कर्तव्यकठोर अंमलदाराचे जे चित्र एका पिढीच्या मनावर ठसले, ते त्या खात्याने स्वत:च पसंत करून दिलेले चित्र होते. आपल्याकडे 1998 ते 2018 अशी वीस वर्षे 'सीआयडी' चालली, तिचे दीड हजारांवर भाग झाले आणि एसीपी प्रद्युम्नच्या रूपाने आपले शिवाजी साटम देशभर घराघरांत पोचले. परंतु दार मोडून आत शिरणे हा जिच्या लोकप्रियतेचा मानबिंदू होता, त्या मालिकेत झडतीच्या हुकमाचा कागद क्वचितच दिसे, आणि फिर्याद नोंदवून घेण्यास कां-कूं करणारा ठाणे अंमलदार तर त्याहूनही क्वचित. प्रेक्षकाला ते खटकले नाही, कारण ठाण्याची पायरी ज्याने प्रत्यक्ष झिजवली आहे त्यालाही घरी बसून अशा ठाण्याचे स्वप्न पाहावेसे वाटते, जिथे फिर्यादी पोचण्याआधीच तपास सुरू झालेला असतो.

या प्रथेला तडे गेले ते ऐंशीच्या दशकात. 'हिल स्ट्रीट ब्लूज' (1981) या मालिकेने एका ठाण्यात एकाच वेळी चाललेले अनेक व्यवहार आणि तडीस न गेलेले तपास दाखवले. दहा वर्षांनी इंग्लंडमध्ये लिंडा ला प्लांट यांच्या 'प्राइम सस्पेक्ट'मध्ये हेलन मिरेनने रंगवलेली जेन टेनिसन खुन्याइतकीच आपल्या कचेरीतील पुरुष सहकाऱ्यांशी झुंजताना दिसली. दोन्ही कृतींचा स्वतंत्र विचार व्हावा अशी त्यांची योग्यता आहे. येथे एवढेच नोंदवून पुढे जातो, की तपास करणारी संस्था हाच तपासाचा विषय होऊ शकतो, ही शक्यता त्यांनी दाखवून दिली. ती शक्यता पूर्णत्वास नेली ती एचबीओ या वाहिनीवर 2 जून 2002 ते 9 मार्च 2008 या काळात पाच पर्वांत आणि साठ भागांत दाखवल्या गेलेल्या 'द वायर' या मालिकेने.

या मालिकेचे कर्ते कोण होते हे प्रथम पाहावे, कारण तिच्या गुणांचा उगम बराचसा तेथे आहे. डेव्हिड सायमन हा 'बाल्टिमोर सन' या दैनिकाचा गुन्हेवार्ताहर. त्याने 1988 चे वर्ष त्या शहराच्या खून शाखेत पोलिसांसोबत बसून काढले आणि त्यातून 'होमिसाइड' हा ग्रंथ 1991 साली सिद्ध केला. त्याचा सहकारी एड बर्न्स हा त्याच शहराच्या पोलीस खात्यात वीस वर्षे नोकरी करून पुढे त्याच शहरातील शाळेत शिक्षक झालेला गृहस्थ. दोघांनी मिळून अंमली पदार्थांचा उघड बाजार जिथे भरतो अशा एका नाक्यावरच्या कुटुंबाचे आयुष्य 'द कॉर्नर' (1997) या पुस्तकात नोंदवले होते. म्हणजे वार्ताहर, पोलीस आणि मास्तर या तीन पेशांचे अनुभव लेखणीत उतरण्यापूर्वी प्रथम पगारी नोकरीत झिजून निघालेले होते. पुढे या मंडळीत रिचर्ड प्राइस, जॉर्ज पेलेकॅनोस आणि डेनिस लेहेन असे नामांकित कादंबरीकार सामील झाले. परंतु कोणत्या साहेबाच्या मेजावर कोणता कागद किती दिवस पडून राहतो आणि का, हे ज्ञान कादंबरीकारांनी आणलेले नव्हते.

आणि शहर म्हणजे बाल्टिमोर. 1950 साली साडेनऊ लाख वस्तीचे हे बंदर पन्नास वर्षांत साडेसहा लाखांवर आले. पोलादाचा कारखाना आणि गोदी यांनी ज्यांना पोसले त्यांच्या नातवंडांना त्या दोन्ही दारांत प्रवेश उरला नाही, आणि एकाला एक लागून असलेल्या विटांच्या घरांच्या रांगाच्या रांगा फळ्या ठोकून बंद झाल्या. अशा शहरात मालिकेचे पहिले पर्व सुरू होते ते एका नेहमीच्या वाटणाऱ्या प्रसंगाने: एव्हॉन बार्क्सडेल या टोळीप्रमुखाच्या भाच्यावरचा खुनाचा खटला साक्षीदार फिरल्यामुळे कोसळतो, मॅकनल्टी नावाचा उद्धट तपासनीस न्यायाधीशाच्या कानी खात्याची अब्रू घालतो, वरिष्ठ संतापतात, आणि केवळ न्यायाधीशाला गप्प करण्यासाठी खात्यातील टाकाऊ माणसे गोळा करून एक तपास पथक तळघरात बसवले जाते. प्रेक्षकास वाटते, आता तपास सुरू होईल. तो होतोही, पण पाहता पाहता ध्यानात येते, की या मालिकेत खुनी कोण हे बहुधा आपल्याला आधीच ठाऊक असते, आणि जे ठाऊक नसते ते असे, की खुनी कोण हे ठाऊक असूनही काहीच का होत नाही.

खून शाखेच्या भिंतीवर एक पांढरा फळा आहे. त्यावर मृतांची नावे लिहिलेली असतात. उलगडा झालेल्या प्रकरणांतील काळ्या शाईने, न झालेल्यांतील लाल शाईने. फळा अस्सल आहे; सायमनच्या ग्रंथातही तो आहे. मला वाटते, साठ भागांचे हे विशाल बांधकाम या एका फळ्याच्या पायावर उभे आहे. मनुष्य मेला ही घटना एक, आणि त्याचे नाव फळ्यावर चढले ही घटना दुसरी. शाखेचे प्रमुख, त्यांच्यावरचे उपायुक्त, त्यांच्यावरचे आयुक्त, त्यांच्यावरचे महापौर आणि पुढील निवडणूक या साऱ्या उतरंडीला पहिल्या घटनेशी फारसे कर्तव्य नसून दुसरीशी मात्र जीवनमरणाचा संबंध आहे.

दुसऱ्या पर्वातील कंटेनरचे प्रकरण या दृष्टीने विस्ताराने पाहण्याजोगे आहे. गोदीत एका पेटाऱ्यात तेरा तरुणींची प्रेते सापडतात. त्या युरोपातून चोरट्या मार्गाने वेश्याव्यवसायासाठी आणल्या जात होत्या. चौदावीचे प्रेत त्यापूर्वीच खाडीत तरंगताना मिळालेले असते. प्रथम ठरते की हा अपघात: हवेची नळी दबली आणि बिचाऱ्या गुदमरल्या. खून शाखेचा प्रमुख रॉल्स सुटकेचा नि:श्वास टाकतो, कारण अपघात फळ्यावर चढत नाही. परंतु या रॉल्सनेच सूड म्हणून मॅकनल्टीला बंदरातील गस्तीच्या बोटीवर हद्दपार केलेले असते. आणि हा मॅकनल्टी भरती-ओहोटीची व वाऱ्याची कोष्टके घेऊन बसतो, नळी मुद्दाम चेचलेली होती हे दाखवून देतो, आणि मृत्यू बाल्टिमोर शहराच्याच हद्दीतील पाण्यात घडले हे गणिताने सिद्ध करून चौदा लाल नोंदी रॉल्सच्या फळ्यावर लादतो. सत्य उघडकीस येते, पण ते न्यायाच्या तळमळीने नव्हे. एका हाताखालच्या माणसाने साहेबावर उगवलेल्या सूडातून येते. इकडे त्याच गोदीतील कामगार संघटनेचा पुढारी फ्रँक सोबोत्का याच्यावर तपास बसतो, तोही त्या चौदा मुलींमुळे बसत नाही. एका पोलंडवंशीय पोलीस मेजरला आपल्या खात्याच्या वतीने चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी बसवायची असते, सोबोत्काच्या माणसांनी त्याआधीच त्याहून मोठी खिडकी अर्पण केलेली असते, आणि एवढ्या अपमानासाठी खात्याची तपासयंत्रणा हलते. मुलींची नावे अखेरपर्यंत मिळत नाहीत. मॅकनल्टी त्या चौदावीच्या नावासाठी वणवण करतो, आणि त्याच्या सर्व उद्धटपणात तेवढीच एक गोष्ट मनाला भिडते.

या कथेत दुष्ट कोण? रॉल्स आपल्या शाखेचा आकडा सांभाळतो आहे. त्याच्या जागी दुसरा असता तर त्यानेही तेच केले असते, नाहीतर ती जागा त्याला मिळाली नसती. सोबोत्का चोरीचा माल गोदीतून जाऊ देतो, पण तो पैसा घरी न नेता राजधानीतील मध्यस्थांना वाटतो, का, तर खाडीतील गाळ काढला जावा, धान्याचा धक्का पुन्हा चालू व्हावा आणि त्याच्या माणसांना आठवड्याचे दोन दिवस तरी काम मिळावे. प्रत्येक जण आपापल्या खुर्चीवरून पाहता समंजस वागतो, आणि त्या समंजसपणांची बेरीज मात्र क्रूर येते. हे बेरजेचे गणित मांडण्याची कुवत मला इतर कलाप्रकारांत क्वचितच आढळते. कादंबरी व्यक्तीच्या अंत:करणात शिरते तेव्हा संस्था धूसर होते. वृत्तपत्र संस्थेविषयी लिहिते तेव्हा व्यक्ती आकडा होते. समाजशास्त्र दोहोंना जोडते, पण ते वाचताना कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. साठ तासांच्या दूरचित्रवाणी कथेला हे तिन्ही एकत्र साधता येते, कारण तिच्याजवळ वेळ आहे आणि एकाच कचेरीत पुन:पुन्हा परत येण्याची मुभा आहे.

तिसऱ्या पर्वात हाच आकडा आणखी एका माणसास गिळतो. 1994 साली न्यूयॉर्कच्या पोलिसांनी गुन्ह्यांच्या आकड्यांवरून दर आठवड्याला अधिकाऱ्यांची झाडाझडती घेण्याची जी पद्धत सुरू केली ती बाल्टिमोरनेही उचलली होती, आणि मालिकेतील त्या बैठका पाहताना आपल्याकडील कोणत्याही जिल्हा कचेरीतील आढावा बैठकीची आठवण मराठी प्रेक्षकाला झाल्यावाचून राहणार नाही. गंभीर गुन्हे अमुक टक्के घटवा, असा हुकूम सुटतो. कसे, ते कोणी सांगत नाही. मग दरोड्याची चोरी होते आणि प्राणघातक हल्ल्याची किरकोळ मारामारी. निवृत्तीला टेकलेला मेजर कॉल्व्हिन या खोटेपणाला कंटाळून आपल्या हद्दीतील ओसाड गल्ल्यांत अंमली पदार्थांच्या विक्रीस गुपचूप मोकळीक देतो. बाकीच्या मोहल्ल्यांतील नाके मोकळे होतात, म्हाताऱ्या पायरीवर बसू लागतात, गुन्हे खरोखरच घटतात. वरिष्ठांना आकडा खरा असू शकतो यावर प्रथम विश्वासच बसत नाही. पुढे बिंग फुटते, कॉल्व्हिनला खालच्या हुद्द्याच्या निवृत्तिवेतनावर घरी धाडले जाते आणि त्या गल्ल्या बुलडोझरने सपाट होतात. मालिका त्याला हुतात्मा करीत नाही, हे विशेष; त्या मोकळ्या सोडलेल्या गल्ल्यांत अंधार पडल्यावर काय चालते, हेही ती तितक्याच निर्विकारपणे दाखवते.

चौथे पर्व सर्वांत श्रेष्ठ, असे बहुतेकांचे मत आहे आणि माझेही. मायकेल, नेमंड, रँडी आणि डुकी ही चार मुले सुट्टी संपवून आठवीच्या वर्गात येतात. खात्यातून बाहेर पडलेला एक पोलीस त्यांचा गणिताचा मास्तर होतो, आणि राज्याच्या चाचणीत शाळेचे गुण वाढावेत म्हणून मुलांना फक्त चाचणीचेच प्रश्न शिकवा असा हुकूम आल्यावर त्याला आपण जुन्याच खात्यात परत आल्यासारखे वाटते. त्याच सुमारास शहरात खुनांची संख्या चमत्कारिकरीत्या कमी झालेली असते, कारण नवी टोळी प्रेते बंद घरांत टाकून वर फळ्या ठोकते आहे. लेस्टर फ्रीमन हा मुरलेला तपासनीस निराळ्या जातीच्या खिळ्यांवरून ते ओळखतो आणि घरे उघडण्याची परवानगी मागतो. सार्जंट ती नाकारतो, कारण वर्ष संपायला थोडे दिवस उरले आहेत आणि इतके न उलगडलेले खून आता निघाले तर वर्षाचा ताळेबंद बुडेल. वीसहून अधिक मृतदेह फळ्यांमागे पडलेले आहेत हे ठाऊक असताना सरकारी वर्ष सरण्याची वाट पाहावी, असे सुचवणारा तो सार्जंट स्वभावाने खुनशी नाही. थट्टेखोर आणि गलेलठ्ठ गृहस्थ आहे. चौघा मुलांपैकी एक सुटतो. उरलेल्या तिघांत मालिकेतील जुन्या पात्रांची नवी भरती आपण पाहत आहोत, हे पुढे हळूहळू उमगते.

कलेच्या अंगाने दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. भावना कोणत्या क्षणी उचंबळून याव्यात याची सूचना व्हायोलिनकडून मिळण्याची ज्यांना सवय आहे त्यांना प्रारंभीचे चार-पाच भाग रुक्ष वाटतात. दुसरी गोष्ट ऐकण्याची. पथकाला टोळीचे दूरध्वनी ऐकण्याची परवानगी मिळते, पण संशयित स्वत: बोलतो आहे हे कोणी तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ऐकायचे नाही, आणि बोलणे गुन्ह्याशी संबंधित नसेल तर कानाचे यंत्र काढून तशी नोंद करायची, असा कायद्याचा दंडक. त्यामुळे एक जण छपरावर थंडीत, दुसरा तळघरात कागद घेऊन, आणि मध्ये तासन्‌तास निरर्थक बडबड. बाल्टिमोरच्या गल्लीची बोली अमेरिकन प्रेक्षकालाही सहज कळत नसे, आणि कर्त्यांनी ती सुगम करून देण्याचे साफ नाकारले. तपासनिसांप्रमाणे प्रेक्षकालाही आधी ऐकायला शिकावे लागते. आपल्या भाषेतील ग्रामीण आणि दलित साहित्याने नागर वाचकाकडून याच कष्टांची अपेक्षा केली होती, तेव्हा मराठी रसिकाला ही अट जाचक वाटण्याचे कारण नाही.

दोषही आहेत, आणि भक्तमंडळींनी त्यांवर पांघरूण घातले आहे. स्त्रिया या विश्वात कमी आहेत, आणि ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच कोणाच्या तरी आई वा बायको म्हणूनच वावरतात. तपासनीस किमा ग्रेग्जसारखा अपवाद नियमच अधोरेखित करतो. पाचवे पर्व 'बाल्टिमोर सन'च्या कचेरीत शिरते तेव्हा सायमनचा हात थरथरतो. त्याने 1995 मध्ये ते पत्र सोडले ते मनात कटुता घेऊन, आणि बातम्या रचून बक्षीस मिळवणारा वार्ताहर व त्याला पाठीशी घालणारे संपादक हे या मालिकेतील एकमेव असे लोक आहेत की ज्यांना लेखकाने आपली बाजू मांडू दिली नाही. मॅकनल्टीने तपासासाठी पैसा मिळावा म्हणून एक काल्पनिक माथेफिरू खुनी उभा करणे हेही आधीच्या चार पर्वांच्या मोजूनमापून टाकलेल्या पावलांशी विसंगत आहे. तरीही त्याच पर्वात ओमर या नामचीन लुटारूचा एका पोराच्या हातून झालेला मृत्यू त्या पत्राला चार ओळींच्याही योग्यतेचा वाटत नाही आणि शवागारात त्याच्या प्रेताची चिठ्ठी दुसऱ्याच्या प्रेताला लागते, हे दोन तपशील सूडबुद्धीने लिहिलेल्या डझनभर प्रसंगांवर मात करतात.

मोठा आक्षेप निराळा आहे. संस्थांनी माणसाला चिरडायचे आणि माणसाने चिरडले जायचे, असा नियतिवाद या मालिकेत आहे. सायमनने स्वत:च तिची तुलना ग्रीक शोकांतिकांशी केली असून देवांच्या जागी संस्था बसवल्याचे म्हटले आहे. देवांशी भांडता येत नाही; संस्थांशी येते, आणि बाल्टिमोरमधील मोहल्ला समित्या व चर्चच्या मंडळी प्रत्यक्षात भांडतही होत्या. शिवाय खोट्या आकड्यांचा जाच नसता तर खरे पोलीसकाम झाले असते, अशी एक हळवी श्रद्धा तिच्या तळाशी आहे. एप्रिल 2015 मध्ये फ्रेडी ग्रे हा तरुण पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन मरण पावला आणि शहर पेटले; 2017 साली बेकायदा शस्त्रे जप्त करण्यासाठी नेमलेल्या पथकातील पोलीसच नागरिकांना लुटत असल्याचे उघड झाले. 2022 साली सायमन आणि पेलेकॅनोस यांनी 'वुई ओन धिस सिटी' या सहा भागांच्या मालिकेत त्या पथकाची कथा सांगितली, तेव्हा ती हळवी श्रद्धा बरीचशी गळून पडलेली दिसली. साडेसहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरात 2005 या एका वर्षात एक लाखाहून अधिक अटका झाल्या होत्या. अटकांची संख्या हेच यश मानणाऱ्या यंत्रणेने त्या लुटारू पोलिसांना वर्षानुवर्षे शाबासकी दिली, हे तीत स्पष्ट म्हटले आहे. कलाकृती म्हणून ती थोरलीच्या जवळपास जात नाही. कर्त्याने आपल्याच निदानाची फेरतपासणी केली म्हणून मात्र तिचे मोल आहे.

अशा कलेचा समाजावर परिणाम काय होतो, हा प्रश्न ओघाने येतो. बराक ओबामांनी 'द वायर' ही आपली आवडती मालिका असल्याचे सांगितले, हार्वर्ड विद्यापीठात विल्यम ज्युलियस विल्सन या समाजशास्त्रज्ञाने तिच्या आधारे नागरी विषमतेचा अभ्यासक्रम शिकवला. एमी पुरस्काराची मात्र लेखनासाठी दोन नामांकने, आणि पदरात शून्य. 2011 मध्ये अमेरिकेचे ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी आणखी एक पर्व काढा असे जाहीरपणे सुचवले, तेव्हा आपल्या खात्याने अंमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेचा फेरविचार करावा, आम्हीही पर्वाचा विचार करू, अशा आशयाचे उत्तर सायमनने दिले. मोहीम चालू राहिली, पर्व निघाले नाही. मार्च 2025 मध्ये आलेल्या 'ॲडोलेसन्स' या चार भागांच्या ब्रिटिश मालिकेचे उदाहरण याहून विचित्र आहे. तेरा वर्षांच्या मुलाने वर्गमैत्रिणीचा खून केला हे पहिल्याच भागात निश्चित होते, उरलेले तीन भाग का यावर खर्च होतात, आणि प्रत्येक भाग एकाच अखंड चित्रणात उतरवलेला असल्याने प्रेक्षकाला नजर चुकवायला जागा मिळत नाही. तेथील पंतप्रधानांनी ती वाखाणली, माध्यमिक शाळांतून ती विनामूल्य दाखवण्याची व्यवस्था झाली. शासनकर्त्यांनी कलाकृतीची तारीफ करावी यात वावगे नाही. परंतु जे करणे त्यांच्या हाती आहे त्याऐवजी त्यांनी विद्यार्थ्यांना मालिका दाखवावी, याचे समाधान कितपत मानावे हे मला कळत नाही.

आपल्याकडे पाहू गेल्यास बीज जुने आहे आणि ते मराठी मातीतले आहे. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' (1983) हा चित्रपट म्हणजे फौजदाराच्या खाकीत कोंडलेल्या पौरुषाचा आणि त्याला वापरून घेणाऱ्या राजकारणाचा पंचनामाच होता. 1982 च्या गिरणी संपानंतर कामगारवस्तीचे काय झाले, हे जयंत पवारांच्या 'अधांतर' या नाटकाने एका खोलीतील एका कुटुंबात दाखवले. त्या घरातील एक मुलगा टोळीकडे वळतो, आणि सोबोत्काची गोदी पाहताना मला पहिल्यांदा त्या घराची आठवण झाली. म्हणजे साहित्याने आणि रंगभूमीने आपले काम केले होते. दूरचित्रवाणीने ते पुढे नेले नाही. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य'सारखी नीटस तपासमालिका येऊन गेली, पण पुढे खासगी वाहिन्यांच्या रोजच्या रतिबात अर्ध्या तासाच्या मालिकेला वर्षाचे तीनशे भाग पाडायचे झाल्यावर लेखकाला अभ्यासाला सवड कोठून मिळणार?

हिंदीत आंतरजालावरील वाहिन्यांनी 2018 नंतर वाट थोडी मोकळी केली. 'डेल्ही क्राइम' (2019) मध्ये वाहनांवाचून, विजेवाचून चालणारे ठाणे खऱ्यासारखे दिसते आणि तिला आंतरराष्ट्रीय एमी मिळाली हे योग्यच झाले; परंतु राजधानीला हादरवून सोडणाऱ्या अत्याचाराची ती कथा अखेरीस एका कर्तबगार उपायुक्त बाईंची विजयकथा होते, आणि जुना करार शाबूत राहतो. 'पाताल लोक' (2020) निराळी आहे. सुदीप शर्मा यांचे लेखन आणि 'किल्ला'कार अविनाश अरुण यांचे प्रोसित रॉय यांच्यासह दिग्दर्शन यांतून दिल्लीतील जमनापारच्या एका दुय्यम ठाण्यातील हाथीराम चौधरी हा पदोन्नती न मिळालेला अंमलदार चार आरोपींचा पूर्वेतिहास खणू लागतो, आणि त्यांतल्या काहींच्या तळाशी जात वा धर्म लागतो. चौघांपैकी कबीर याच्या बापाने मुलाच्या सुंतेचे कारण वैद्यकीय आहे असा दाखला करवून ठेवलेला असतो. मुलगा मुसलमान म्हणून ओळखला जाऊ नये एवढीच त्याची धडपड, आणि त्याच मुलाला केंद्रीय तपासयंत्रणा परदेशी कटाचा हस्तक ठरवून प्रकरण बंद करते. एका कागदाने झाकायचे आणि दुसऱ्या कागदाने गाडायचे, ही गोष्ट बाल्टिमोरच्या फळ्याची सख्खी बहीण आहे.

आपला फळा मात्र निराळा असतो. तेथे लाल शाई टाळतात ती खून अपघात ठरवून. येथे बहुधा फिर्यादच न घेऊन, किंवा दखलपात्र गुन्हा अदखलपात्र म्हणून नोंदवून आणि फिर्यादीला न्यायालयाची वाट दाखवून. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवलीच पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला 2013 साली बजावून सांगावे लागले, यावरून त्या प्रथेची व्याप्ती ध्यानात येईल. ठाण्याच्या बाकावर दुपारपासून बसवून ठेवलेली बाई, तिची जबानी घेण्याआधी तिचे गाव आणि आडनाव विचारणारा हवालदार, तडजोड करा म्हणून आलेला नगरसेवकाचा निरोप: सबंध एक पर्व व्यापील इतके द्रव्य या एका बाकावर आहे, आणि त्यासाठी एकही गोळी झाडावी लागत नाही. हे लिहायला वर्षानुवर्षे फौजदारी न्यायालयांत बसलेला वार्ताहर हवा आणि त्याच्या शेजारी निवृत्त हवालदार किंवा नाझर. दोघेही महाराष्ट्रात दुर्मिळ नाहीत. दुर्मिळ आहे तो त्यांना दोन वर्षे पगार देऊन नुसते बोलत बसवणारा निर्माता. त्यात जानेवारी 2021 मध्ये 'तांडव' या मालिकेवर फिर्यादी दाखल झाल्या, कर्त्यांनी माफी मागून दृश्ये गाळली, पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने आंतरजालावरील वाहिन्यांसाठी नवे नियम आणले, आणि तेव्हापासून संहिता कायदेतज्ज्ञाच्या मेजावरून जाऊ लागल्या. जुन्या 'ड्रॅगनेट'च्या संहिता पोलिसांच्या नजरेखालून जात. आताच्या कदाचित कायदेतज्ज्ञाच्या मेजावर पोचण्याआधीच लेखकाच्या मनात गाळल्या जातात, आणि ही गाळणी कोणत्याही सरकारी गाळणीहून बारीक असते.

'पाताल लोक'चे दुसरे पर्व 2025 च्या जानेवारीत आले ते हाथीरामला नागालँडला घेऊन गेले. प्रदेश नवा, छायाचित्रण देखणे, नागा पात्रांना दिलेला सन्मान वाखाणण्याजोगा. तरीही मला चुटपुट लागून राहिली. 'द वायर'ही दुसऱ्या पर्वात प्रेक्षकाला अशीच अनोळखी गोदीवर घेऊन गेली होती, पण बार्क्सडेलची टोळी, तुरुंग, खून शाखा यांतले काहीही तिने मागे टाकले नव्हते; प्रत्येक पर्वात एक नवे खाते जुन्या खात्यांना जोडले जाई, आणि म्हणूनच चौथ्या पर्वातील शाळा पाहताना पहिल्या पर्वातील नाका डोळ्यांसमोर उभा राही. येथे जमनापारचे ठाणे पहिल्या काही प्रसंगांनंतर मागे पडले. अन्सारीसारखा त्या ठाण्यातून वर गेलेला हुशार मुसलमान अधिकारी, ज्याच्या बढतीत आणखी एका पर्वाचे कथानक होते, तो कथेतूनच उठवला गेला. पुढचे पर्व लिहिले जाईल तेव्हा लेखकांनी हाथीरामची आणखी एका प्रांतात बदली करण्यापूर्वी त्याच ठाण्यातील मुद्देमालाची खोली एकदा उघडून पाहावी; पहिल्या पर्वातील चार आरोपींपैकी जे जिवंत उरले, त्यांच्या खटल्याच्या तारखा अद्याप पडतच असतील.